डाव्या हाताचे मोजे

आजोबांचं ट्रंपेट या डिसेंबरात तुमच्या बाबांबरोबर तुमच्याकडे येईल. पेटी उघडाल तेव्हा वाद्याच्या मधल्या भागावर, जिथं डावा हात धरतो तिथं, तुम्हाला काळपट डाग दिसतील. तीन लांबट, बोटांसारखे, आणि पलीकडच्या बाजूला तळव्याच्या फुगीर भागाएवढा एक. ते बोटांचेच आहेत. कोणाच्या बोटांचे, ते मी सांगायचं आहे. दुसरं कोणी सांगेल त्याआधी, आणि कोणी सांगून ठेवलं असेल तर त्यानंतरही.

मी हे मराठीत लिहिते आहे. नोकरीभर डिचोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तुमच्याशी फोनवर इंग्रजीत बोलणं मला सोपं जातं. पण या हकिकतीतली माणसं इंग्रजीत बोललेली नाहीत. त्यांचं बोलणं मी भाषांतर करून लिहिलं तर सगळी फार सभ्य वाटायला लागतील. थोरलीचं रविवारच्या वर्गातलं मराठी याला पुरेल. अडलं तर मला विचारा, बाबांना नको.

आजोबा सुर्ल्याच्या एका खाणीच्या कचेरीत होते आणि आम्ही डिचोलीत भाड्याच्या घरात राहत होतो. दारावरून दिवसभर मालाचे ट्रक जात. लाल धूळ जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फटीतून आत यायची, पोदेराने सकाळी दिलेल्या पावावरसुद्धा दुपारपर्यंत तिचा थर बसायचा. या धुळीत आजोबांनी ट्रंपेट वाजवायचं ठरवलं. रविवारी सकाळच्या बसने ते म्हापशाला एका म्हाताऱ्या बँडमास्तरांकडे शिकायला जायचे. आमच्या घराण्यात तोवर कोणी पेटी नाहीतर तबल्याच्या पलीकडे गेलं नव्हतं. तोंडाने फुंकायचं वाद्य घरात आलं म्हणून माझ्या सासूबाईंनी पेडण्याहून निरोप धाडला होता, निदान देवाच्या खोलीत ठेवू नका.

पितळेच्या वाद्यावर लॅकरचा एक पातळ, पारदर्शक थर असतो. तो आहे तोवर वाद्य सोन्यासारखं राहतं. तो गेला की खालचं पितळ उघडं पडतं आणि काळवंडतं. आजोबांचा घाम फार वाईट होता. घड्याळाची पट्टी, चष्म्याच्या दांड्या, सगळ्याला हिरवी कड धरायची. पहिलं ट्रंपेट त्यांनी मास्तरांकडूनच जुनं घेतलं होतं, त्याचा उरलासुरला लॅकर या घामाने वर्षभरात खाऊन टाकला. मास्तर म्हणाले, "अरे, तुज्या घामांत सोलां पिळल्यांत काय?" सोलां म्हणजे आमसुलं. मग आजोबांनी नवं घेतलं, तेच हे, आणि मास्तरांनी बजावलं की याला उघड्या हाताने शिवायचं नाही.

बँडवाल्यांच्या दुकानात मिळणारे हातमोजे जाड होते. त्यांतून वाद्य सटकायचं. मी ते उसवून त्यांचा नमुना काढला आणि आजोबांच्या जुन्या बनियनच्या कापडाचे मोजे शिवले. बनियन धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, ताणलं तर ताणतं, आणि घाम शोषतं. ते बरोबर बसले. त्यानंतर आमच्या घरात आजोबांचं एकही बनियन पायपुसणं म्हणून वापरलं गेलं नाही.

ट्रंपेट डाव्या हाताने धरतात, उजव्याची फक्त बोटं वरच्या बटणांवर असतात. त्यामुळे डावे मोजे झिजायचे, उजवे नव्यासारखे राहायचे. तरीही मी जोडीनेच शिवायची. एकच हात शिवणं मला कसंतरी वाटायचं. उजव्या मोज्यांनी माझा एक बिस्किटांचा डबा भरला आहे. आजोबा म्हणायचे, "एखादो डावरो बँडवालो गावलो तर हो डबो तेका आहेर करूया."

त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी मोजे, मग पेटीच्या कड्या. वाजवून झालं की वाद्य पुसून पेटीत, कड्या बंद, मग मोजे काढायचे. मी एकदा म्हटलं, "देवाची मूर्ती उचलताना तरी इतकं सोवळं पाळता का?" तर म्हणाले, "देवाक घाम चलता. हेका नाय." आणि ते जत्रेला बँडमध्ये उभे राहिले की गावची मंडळी ओरडायची, "डागदर इलो रे!" आजोबा मोज्यातली बोटं वर करून म्हणायचे, "हय, कोणाचा ऑपरेशन करूचा आसा?" लोक हसायचे, तेही हसायचे. मोजे काही त्यांनी काढले नाहीत.

निवृत्तीनंतर आम्ही पेडण्याला घरी परत आलो. थोरले, तू पाच वर्षांची होतीस तेव्हा सुट्टीत आली होतीस आणि ट्रंपेट पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलीस. मी दुपारी मशीनवर बसून तुझ्या हाताचे मोजे शिवले. ते घालून, आजोबांच्या मांडीवर बसून तू फुंकलंस, तर वेंगुर्ल्याच्या बोटीचा भोंगा वाजावा तसा आवाज निघाला आणि गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आजोबा म्हणाले, "झालं. हे हिचं." नंतर तुझ्या शाळेच्या बँडमधला फोटो आला तेव्हा त्यांनी तो जवळ धरून, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "उघड्या हातांनी!" पण मला ठाऊक आहे, ते फार खूश होते. ते गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. ट्रंपेट तुला द्यायचं, आणि जसं आहे तसं द्यायचं, हे आमचं ठरलं होतं. तू मोठी होऊन नीट वाजवायला लागेपर्यंत ते माझ्याकडे राहायचं होतं.

आता तुमच्या धाकट्या आजोबांविषयी. आजोबांचे हे पाठचे भाऊ. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वयनी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत होते आणि इंग्रजीत नापास होत होते. मी त्यांचा अभ्यास घेतला. माझ्या हातची पहिली भाकरी जळाली ती त्यांनी कोणाला दिसायच्या आत खाऊन टाकली होती. पुढे सुट्टीत ते डिचोलीला यायचे आणि जुन्या ट्रंपेटवर भावाकडून शिकायचे. आजोबांच्या आजारपणात रात्रंदिवस जवळ बसले ते तेच. हे सगळं लिहिते आहे, कारण हे खरं आहे आणि पुढचंही खरं आहे.

आजोबा गेल्यावर जत्रेच्या आधी भावजी आले आणि बाल्कांवावर, ते नेहमी बसतात त्या कट्ट्यावर, बसले. म्हणाले, "वयनी, पालखीच्या फुडे दादाचा ट्रंपेट वाजूक होया. तू दिलंस तर मी वाजवीन."

मी म्हटलं, "देईन. पण मोजे घालून. ते पोरीचं आहे, तिला जसंच्या तसं द्यायचंय."

"ता काय सांगूक होया? दादाची शिस्त माका ठावक नाय?"

मी वर्तमानपत्राचा कागद आणला, त्यांनी त्यावर हात ठेवला आणि मी पेन्सिलने भोवती रेघ काढली. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. शाळेत असताना फणसावरून पडले होते, हाड तसंच बसलं. रेघ काढताना ते हसायला लागले. "गुदगुल्यो करतंस गो वयनी. सरकारी काम आसा काय ह्या?" मी करंगळी जशी होती तशी, बाहेर झुकलेली कापली. कापड आजोबांच्या बनियनचंच होतं. तेव्हा अजून कपाटात पुष्कळ होती.

त्या वर्षापासून जत्रेच्या आधी ट्रंपेट भावजींकडे जायचं आणि शिगमो, म्हणजे शिमगा, झाला की परत यायचं. मी मोजे दरवर्षी धुऊन, इस्त्री करून, अंगठा आत दुमडून द्यायची. झुरळांनी कापड खाऊ नये म्हणून डाव्या मोज्याच्या अंगठ्यात डांबराची एक गोळी घालून ठेवायची माझी जुनी सवय आहे. वर्षभरात ती विरून जाते, पुढच्या जत्रेआधी नवी घालायची. आणि दरवर्षी परत देताना भावजी काहीतरी चांगलं बोलायचे. एका वर्षी म्हणाले, "मोजे मस्त मऊ झालेत हां वयनी. हातात आसत काय नाय तां समजना नाय." एका वर्षी म्हणाले, "करंगळेक जरा घट्ट जाता." मी ती शिवण सोडून अर्ध्या बोटाने वाढवली.

याच वर्षांत माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. मी पुढे ढकलत राहिले. हळूहळू सगळ्या जगावर पिवळट साय धरली. पेटी परत आली की उघडून पाहायची, पण मला त्यात एक पिवळा आकार दिसायचा आणि तो बरा वाटायचा. पुसायला घ्यायची तरी माझे वेगळे मोजे घालूनच घ्यायची, म्हणजे बोटांनाही काही कळायला मार्ग नव्हता.

मागच्या जत्रेनंतर म्हापशाला जाऊन ऑपरेशन केलं. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या घरातली जळमटं दिसली. मग बाहेरच्या भिंतीचा रंग. मला वाटत होतं तो हिरवा आहे, तो निळा निघाला. पावाचा वरचा पापुद्रा किती तांबूस असतो हे पाहून मी पोदेराला उगीच थांबवून ठेवलं. अशा दिवसांत एका सकाळी भावजी ट्रंपेट परत घेऊन आले. शिगमो अजून व्हायचा होता.

"एवढ्या लवकर?"

"ह्या वर्सा शिगम्याक दुसरो वाजवतलो. माझो दम पुरना नाय आता."

ते घाईत होते, चहा न घेता गेले. मी माझे मोजे घातले, पेटी उघडली आणि बघतच राहिले. ट्रंपेट असं झळझळत होतं की मी जनेल अर्धं लावून घेतलं. मला वाटलं, हे माझे नवे डोळे. इतकी वर्षं हे असंच होतं आणि मला दिसत नव्हतं. तुम्हाला सांगते, मला आनंदाने रडू आलं. थोरले, तुला लगेच फोन करावा असं वाटलं, पण तिकडे तुमची झोपायची वेळ होती.

मग वास आला. चिंचेचा. पेडण्यात कुठल्याही घरात गणपतीच्या चवथीच्या आदल्या दिवशी येतो तो वास. समया, तबकं, तांब्या, घंटा, सगळं पितळ अंगणात काढायचं, चिंच आणि राख लावून नारळाच्या सोडणाने घासायचं, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात ठेवायचं. आमच्याकडे पितळ असंच स्वच्छ होतं, दुसरी रीत कोणाला माहीत नाही. मी भिंग आणलं. बटणांच्या खालच्या खाचेत राख होती आणि एका सांध्यात चिंचेची शीर अडकली होती. उजेडात वाद्य तिरकं धरलं तर त्यावर सगळीकडे बारीक, गोल ओरखडे. आजोबांनी ज्याला बनियनच्या कापडाखेरीज काही लागू दिलं नव्हतं, त्याला कोणीतरी सोडणाने घासलं होतं.

भावजींचे मोजे पेटीतच होते. अंगठा आत दुमडलेला, माझीच इस्त्री, माझीच घडी. मी डावा मोजा उचलला तेव्हा अंगठ्यात काहीतरी टणक लागलं. डांबराची गोळी. जत्रेच्या आधी मी घातली होती तिथं ती होती.

मी खालच्या घरी गेले. माझी जाऊ, भावजींची बायको, पडवीत वाल सोलत बसली होती. मी विचारलं, "ट्रंपेटाला चिंच लावलीस काय गो?"

"लावलंय. बरा दिसता मा? काळां पडलां होतां. समयो घासतव तसा घासलंय."

"काळं कशाने पडलं?"

"पितळ काळां पडताच, वयनी."

"मोजे घालून?"

तिने पुढची शेंग उचलली. "तां माका काय ठावक. तेंका विचार." आणि मग, वाईट वाटून असेल किंवा बोलायचं म्हणून असेल, पुढे म्हणाली, "तुझे डोळे झाले मा. हेनी म्हटल्यान, वयनीक आता दिसतला, घासून दी. म्हणान घासलंय. माका कोणी सांगलां नाय चिंच चलना नाय म्हणान."

तिचा मला राग आला नाही. तिने तिला येत होतं ते काम मन लावून केलं होतं. पण "वयनीक आता दिसतला" हे चार पायऱ्या चढून माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून इथंच आहे. मला दिसत नाही, हे माझ्या घरात कोणीतरी धरून चाललं होतं.

भावजींना मी त्या दिवशी विचारलं नाही. ते देवळात भेटले तेव्हा एवढंच म्हटलं, "यंदा मोजे वापरलेत ना?" त्यांनी देवासमोर उभं राहून सांगितलं, "तुझी शपत वयनी. मोज्याशिवाय हात लावूक नाय." मला वाटतं देवळात नसतो तरी त्यांनी तेच सांगितलं असतं, पण आम्ही देवळात होतो.

त्यानंतर मी पेटी रोज उघडायला लागले. सुरुवातीला ट्रंपेट तसंच झळझळीत होतं. मग मधल्या भागावर थोडी तांबूस झाक आली. जिथं लॅकर शाबूत होता तिथं तो ओरखडे घेऊनही सोनेरी राहिला, जिथं घामाने आधीच खाल्ला होता तिथं उघडं पितळ पुन्हा काळवंडू लागलं. नव्याने चुना लावलेल्या भिंतीतून जुनी ओल परत यावी तसे ते डाग वर आले. शिगम्याचे ढोल गावात वाजायला लागले तोपर्यंत बोटं स्पष्ट झाली होती. तर्जनी, मधलं बोट आणि बाहेर झुकलेली वाकडी करंगळी. अनामिका तिथल्या कडीत जाते, तिचा डाग नसतो.

शिगमो झाल्यावर भावजी बागेतले केळ्यांचे दोन फणे घेऊन आले. मी ट्रंपेट बाहेर आणून बाल्कांवावर त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "धरा."

सवयीने त्यांचा हात पुढे आला. उघडा हात. बोटं त्या डागांवर जाऊन बसणार तोच त्यांना कळलं आणि त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "मोजे दी."

"आता कशाला?"

बराच वेळ ते केळी सोलल्यासारखं करत बसले. मग एकदम बोलायला लागले. "पोरां हसतत गो वयनी. बँडातली पोरां माझ्या नातवंडांच्या वयाची. वयनीन मोजे दिल्यान, दुधाची बाटली दिल्यान काय म्हणान विचारतत. आणि माझ्या सख्ख्या भावाची वस्तू. तेका हात लावूक माका मोजे कित्याक? मी काय परको?"

"मग तसं मला सांगायचं होतं."

"सांगलां असतां तर तू दिलां असतंस?"

"नाही."

"मगे!"

जणू वादात जिंकल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ठीक आहे. नाही घातले. पण मोजे मऊ झालेत असं दरवर्षी कशाला सांगत होता? करंगळीला घट्ट होतो म्हणून कशाला सांगितलंत? मी शिवण सोडून परत घातली, भावजी. दिसत नसताना."

त्यांनी खाली बघितलं. "तुका बरां वाटता म्हणान."

मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ते गेले होते, केळी होती.

त्या रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. मग बाबा म्हणाले, "आई, मला माहीत होतं." वाड्यावरचं कोणी ना कोणी दरवर्षी पालखीचा व्हिडिओ पाठवतं. त्यात काका उघड्या हातांनी वाजवताना स्पष्ट दिसतात. पहिल्या वर्षापासून. "तुला उगीच त्रास नको म्हणून बोललो नाही. काकाला किती आनंद होतो वाजवताना, आणि तुला तरी कुठं दिसत होतं?"

मी म्हटलं, "मला दिसत नव्हतं, म्हणून तर सांगायचं."

"एक वाद्य आहे, आई. परत लॅकर करून मिळतो."

ते खरं आहे. मी म्हापशाच्या एका वाद्यवाल्याला विचारलं. सगळा जुना थर काढून, घासून, नवा चढवून मिळेल, कोणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. मी दुकानातून तशीच परत आले. कोणाला कळणार नाही एवढ्यासाठी एकदा चिंच लावून झाली आहे. तेच मी जरा बऱ्या दुकानात करून घ्यायचं आणि वर तुम्हाला पाठवायचं, हे मला जमलं नाही.

आणि मग तो चवथीनंतरचा फोन. थोरले, तुला आठवत असेल. बाबांनी मला ट्रंपेट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. तू अगदी जवळ आलीस, तुझं नाक एवढं मोठं झालं, आणि डाग बघून तू म्हणालीस, "आजोबांची बोटं!" तू स्क्रीनवर हात ठेवलास. तुझ्या धाकट्या भावालाही ठेवायला लावलास. मी बाबांकडे बघितलं. ते तुमच्या मागे उभे होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हो, आजोबांची." मग माझ्याकडे असं बघितलं की तूही हो म्हण. नंतर परत फोन करून त्यांनी समजावलं, "राहू दे ना, आई. तिला किती बरं वाटलं बघितलंस ना?"

हे वाक्य मी या वर्षात दुसऱ्यांदा ऐकलं. भावजींच्या तोंडून ऐकलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं. बाबांवर तुम्ही रागवू नका. तो राग माझा आहे आणि मी तो माझ्याकडेच ठेवणार आहे. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून कोणी काही सांगितलं तर ते एकदा माझ्याकडे तपासून घ्या. मला बरं वाटावं म्हणून ज्यांनी सांगितलं ती सगळी माझी जवळची माणसं होती.

तर, ते डाग आजोबांचे नाहीत. आजोबांनी इतकी वर्षं हे वाद्य हातात धरलं आणि त्यावर त्यांच्या बोटाची एक खूण नाही, कारण त्यांनी ती पडू दिली नाही. ज्यांनी मला दिलेला शब्द मोडला त्यांची बोटं त्यावर उमटली आहेत, आणि ती आता आपोआप जाणार नाहीत. मला सगळ्यात जास्त हेच सोसत नाही. माणूस जपून वागला म्हणून तो पुसला जावा आणि त्याच्या जागी दुसऱ्याचा हात त्याच्या नावाने दाखवला जावा, हे मी होऊ देणार नाही.

भावजी अजून येतात. मी चहा करते. पूर्वी त्यांच्या कपात साखर किती घालायची हे मला विचारावं लागत नसे. आता मी आतून विचारते, "साखर किती?" ते सांगतात, "एक चमचो." इतकी वर्षं मी दोन घालत आले. मध्यंतरी म्हणाले, "ह्या वर्सा जत्रेक वाजवूक ट्रंपेट नाय म्हणान बँडवाले विचारतत." मी म्हटलं, "पोरीकडे जातंय म्हणून सांगा." त्यांनी मान हलवली. या चवथीला समया घासायला मी बाजारातली पावडर आणली. चिंच लावली नाही. जावेने ते बघितलं.

पेटीत मी तुमच्यासाठी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. एक, तुझ्या हाताच्या मापाने शिवलेली नवी जोडी. माप बाबांनी फोटो काढून पाठवलं, त्याबद्दल त्यांचे आभार माना. दोन, तू पाच वर्षांची असतानाचे ते छोटे मोजे, ते धाकट्याला दाखव. तिसरी गोष्ट कागदात गुंडाळलेली आहे. आजोबांनी वापरलेला शेवटचा डावा मोजा. मी तो धुतला आहे, मी धुतल्याशिवाय काही ठेवत नाही. पण बनियनचं कापड एकदा ताणलं की धुऊनही तो ताण जात नाही. बोटांच्या पेरांपाशी ते फुगलेलं आहे, अंगठ्याच्या मुळाशी विरलेलं आहे, तर्जनीच्या टोकाला भोक आहे. कडीत जाणारं बोट जरा लांब झालं आहे. आत हात घाल. तुला मोठा होईल. आजोबांचा हात एवढा होता.

त्यावर तुझा नवा मोजा चढव आणि मग ट्रंपेट उचल. हात तिथंच येईल जिथं ते डाग आहेत, दुसरीकडे कुठं ट्रंपेट धरताच येत नाही, त्याला इलाज नाही. वाजव. पण तुझी करंगळी सरळ आहे. ती त्या वाकड्या डागात बसणार नाही. बसवू नकोस.